बैठक, पट आणि भडंग

‘गेमर’ हा शब्द मराठीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत रुळला असला, तरी पोटापाण्यासाठी नव्हे तर निव्वळ हौसेने, रोजच्या ठरावीक वेळी, एका जागी बसून नियमबद्ध खेळात तासन्‌तास रमणारा माणूस कृष्णाकाठाला नवा नाही. त्याच्या हातातले साधन बदलले, त्याची बसण्याची जागा बदलली आणि खेळता खेळता तोंडात काय टाकायचे हेही बदलत गेले. या तिन्ही बदलांचा एकमेकांशी जो संबंध आहे, त्याकडे मात्र खेळांच्या इतिहासात सहसा लक्ष दिले जात नाही, कारण हा इतिहास बहुधा विजेत्यांच्या याद्यांतच अडकून पडतो. प्रस्तुत विवेचनापुरते सातारा आणि सांगली हे एकच क्षेत्र मानले आहे आणि त्याला प्रशासकीय आधारही आहे: १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिणेकडचे तालुके व विलीन संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्यालाच ‘सांगली’ हे नाव मिळाले.

बैठ्या खेळांचा आणि खाण्याचा एकत्र विचार करणारा या प्रदेशाशी निगडित असा जुना ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’. सातारा-सांगलीचा मुलूख तेव्हा चालुक्यांच्या व त्यांच्या मांडलिकांच्या सत्तेखाली होता. राजाने राज्य मिळवावे कसे, टिकवावे कसे इथपासून सुरू होणारा हा संस्कृत ग्रंथ पुढे उपभोग, विनोद आणि क्रीडा अशा पायऱ्यांनी उतरत जातो. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे, पोळ्या, वडे यांच्या कृती येतात, तर क्रीडांच्या भागात चतुरंग म्हणजे बुद्धिबळाचा पूर्वज, फाशांचा खेळ आणि वराटिका म्हणजे कवड्यांचा खेळ यांचे वर्णन येते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की भोजन आणि खेळ या दोहोंना ग्रंथकाराने राजाच्या दिनक्रमात मानाचे स्थान दिले, पण त्यांची प्रकरणे वेगळी ठेवली. पाटावर बसण्याची वेळ निराळी आणि पटावर बसण्याची वेळ निराळी, हा शिष्टाचार नंतरही पुष्कळ काळ टिकला.

त्यामागे शिष्टाचाराइतकाच साधनांचा स्वभावही होता. सोंगट्यांचा पट कापडाचा, चार पट्ट्यांनी फुलीसारखा शिवलेला. त्यावर चार रंगांच्या सोळा सोंगट्या चालत आणि दान फाशांनी किंवा कवड्यांनी पडे. कापडावर तेलाचा एक डाग पडला, तर तो पुढच्या पिढीपर्यंत राहणार हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. गंजिफा तर त्याहून नाजूक. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले, लाखेचा हात दिलेले वाटोळे पत्ते. मोगली प्रकारात आठ रंगांचे ९६ आणि दशावतारी प्रकारात दहा अवतारांच्या दहा रंगांचे १२० पत्ते असतात, म्हणजे प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा, हा उलटसुलट क्रम डोक्यात ठेवावा लागे. शिवाय दिवसा खेळताना उतारीचा मान रामाच्या रंगाला आणि रात्री कृष्णाच्या रंगाला. हे पत्ते जाड आणि गोल असल्यामुळे इंग्रजी पत्त्यांसारखे पिसता येत नाहीत. ते फडक्यावर पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवावे लागतात. सावंतवाडीसारख्या ठिकाणी चितारी कारागीर ते घडवीत आणि त्यांची किंमत अशी असे की ते सरदाराच्या, सावकाराच्या किंवा संस्थानिकाच्या वाड्यातच सापडत. खेळणारे मात्र पुष्कळदा दुसरेच असत. वाड्यावर येणारे शास्त्री, कारकून आणि आश्रित परक्याच्या पत्त्यांवर आपले कसब दाखवीत. साधन एकाचे आणि कौशल्य दुसऱ्याचे, ही व्यवस्था पुढे खिशात मोबाइल येईपर्यंत निरनिराळ्या रूपांत चालत राहिली, आणि या लेखाचा मुख्य धागा तोच आहे.

बुद्धिबळाच्या बाबतीत तो विशेष स्पष्ट दिसतो, पण आधी त्या खेळाचे नियम पाहू. आज सर्वत्र खेळले जाणारे नियम युरोपातून आले. त्यापूर्वी महाराष्ट्रात जे देशी बुद्धिबळ खेळले जाई, त्यात प्यादे आरंभीही एकच घर पुढे सरके, शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी घेता येई आणि शेवटच्या घरात पोचलेले प्यादे त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई, म्हणजे हत्तीच्या घरात गेलेल्याला वजीर होण्याची मुभा नसे. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की ‘बुर्जी’ होऊन डाव बरोबरीत सुटे, त्यामुळे सगळी मोहरी खाऊन टाकणाऱ्या आधाशी खेळाडूचेच नुकसान होई. सर्वांत मानाचा शेवट ‘प्यादेमात’, म्हणजे सर्वांत हलक्या मोहऱ्याने राजाला दिलेली मात. या खेळात घड्याळ नव्हते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८१४ मध्ये मुंबईत छापला गेला, तेव्हा त्यातील डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घ्यावे लागले. तो ग्रंथ मुख्यतः डावाच्या शेवटाकडील अवघड स्थितींचा, आजच्या भाषेत कूटप्रश्नांचा संग्रह आहे, आणि देशी खेळाडू एकांतातही पटापुढे बसून डोके चालवीत असावा हे त्यावरून दिसते.

राजाश्रयाचा इतिहास सातारा आणि सांगली या दोन शहरांत मात्र वेगवेगळ्या वाटांनी गेला. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि छत्रपतींच्या दरबाराबरोबर दरबारी करमणुकीचा आश्रयही आटला. याउलट १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे झालेले पटवर्धनांचे सांगली संस्थान १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत टिकले. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झाले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या प्रोत्साहनाने, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. साताऱ्यापेक्षा शंभर वर्षे अधिक मिळालेल्या याच आश्रयाने सांगलीत बैठकीची संस्कृती मुरली आणि नाटकाप्रमाणेच बुद्धिबळालाही तेथे घर मिळाले, असे मानण्यास जागा आहे. साताऱ्याला बुद्धी कमी होती असा याचा अर्थ नव्हे. साताऱ्याला बैठक कमी पडली, इतकेच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशी नियम मागे पडत गेले. पंजाबचा मीर सुलतान खान युरोपीय नियम शिकून १९२९ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला आणि १९३५ मध्ये त्याने वि. का. खाडिलकर या मराठी खेळाडूशी झालेल्या दहा डावांच्या सामन्यात केवळ एक डाव बरोबरीत सोडला. खाडिलकरांच्या या पराभवाकडे कमीपणा म्हणून पाहण्याचे कारण नाही, कारण मराठी खेळाडू तोवर नव्या नियमांच्या पटावर पूर्णपणे उतरले होते, हेच त्यातून दिसते. १९४१ मध्ये सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन झाले. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी या मंडळासाठी आयुष्य वेचले आणि त्यांच्यामुळे पट, मोहरी, दोन तोंडांचे घड्याळ आणि, सर्वांत दुर्मीळ साधन म्हणजे, तोडीचा प्रतिस्पर्धी या गोष्टी मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींनाही मिळू लागल्या. पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांचे नाव सांगलीच्या या परंपरेशी जोडले जाते. वाड्याची जागा मंडळाने घेतली. साधन अजूनही खेळाडूच्या मालकीचे नव्हते, पण आता ते कृपेने नव्हे तर हक्काने वापरता येत होते.

खाणे पटाजवळ आले ते याच काळात. सांगलीचा भडंग म्हणजे चुरमुऱ्यांना तेल, लसूण, मिरचीपूड, शेंगदाणे आणि कढीलिंब यांची फोडणी देऊन केलेला कोरडा खाऊ. तो दिवसचे दिवस टिकतो, ताट मागत नाही आणि कागदावर ओतला की चार माणसे चार बाजूंनी खाऊ शकतात. पंगतीत न बसणारा, जातपातीच्या पाटापाण्याच्या विधिनिषेधांतून बराचसा मोकळा असा हा पदार्थ चहाबरोबर बैठकीत शिरला, यात नवल नाही. पत्त्यांच्या अड्ड्यावर, मेंढीकोटाचा डाव चालू असताना, तो आणखी सोयीचा. साताऱ्याच्या कंदी पेढ्याची गोष्ट निराळी. खव्याचा, खमंग भाजलेला आणि भरीव असा हा पेढा जिंकल्यावर वाटण्याचा पदार्थ आहे, खेळता खेळता खाण्याचा नव्हे.

१९९० च्या दशकात टीव्हीला जोडण्याचा ‘व्हिडिओ गेम’ तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. जपानच्या १९८३ मधील फॅमिली कॉम्प्युटर या यंत्राच्या स्वस्त नकला भारतात निरनिराळ्या नावांनी विकल्या जात आणि त्यांत घालावयाच्या प्लास्टिकच्या डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यात फीत नसून आज्ञावली साठवलेली चिप असे. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ हे त्यातले घरोघरी माहीत झालेले खेळ. पडदा नुसता चमकू लागला की कॅसेट उपसायची, तिच्या तांब्याच्या पट्ट्यांवर जोराने फुंकर मारायची आणि पुन्हा खोबणीत दाबायची, हा विधी सातारच्या पेठेत जसा चाले तसाच विट्याच्या आळीतही. वस्तुतः फुंकरीने नव्हे तर कॅसेट पुन्हा बसवल्याने संपर्क जुळे, आणि फुंकरीतला ओलावा उलट त्या पट्ट्या गंजवी. यंत्र गल्लीत एखाद्याच घरी असे, खेळणारी मुले दहा. ‘लाइफ’ म्हणजे पडद्यावरच्या गड्याचा जीव संपला की हातातला रिमोट दुसऱ्याकडे द्यायचा, हा नियम यंत्राने घातलेला नव्हता, बैठकीने घातलेला होता. ज्यांच्या गल्लीत तेही नव्हते ते बसस्थानकाजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरात नाणे टाकून उभ्याने खेळत. तिथे बटणांवर भेळेच्या चटणीचा लाल-हिरवा थर साचलेला असे.

२००० नंतर हीच व्यवस्था सायबर कॅफेत गेली. सांगली आणि कराड येथे सरकारी पाठबळाची जुनी अभियांत्रिकी महाविद्यालये असल्यामुळे संगणक हाताळणारी तरुण पिढी या भागात आधीपासून होती. वसतिगृहांतील संगणक तारेने एकमेकांना जोडून, म्हणजे ‘लॅन’वर, ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळण्याची टूम देशभरच्या अशा वसतिगृहांत याच सुमारास पसरली. बाहेरच्या मुलांसाठी तासावर भाड्याने मिळणारा कॅफेतला संगणक होता. २०११ च्या केंद्रीय नियमांनी कॅफेचालकावर ग्राहकाचे ओळखपत्र पाहण्याची आणि वापराच्या नोंदी वर्षभर ठेवण्याची सक्ती केली आणि दोन संगणकांमधील आडोसा साडेचार फुटांहून उंच नसावा असेही बजावले; शेजाऱ्याच्या पडद्यात डोकावून त्याला सल्ले देणाऱ्या मुलांना हा नियम गैरसोयीचा खचितच वाटला नसेल. खरी अडचण निराळीच होती. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमन, म्हणजे विजेचा तुटवडा भरून काढण्यासाठी ठरवून केलेली वीजकपात, इतके कडक होते की लहान शहरांतला खेळ महावितरणच्या वेळापत्रकावर बेतावा लागे. खेळाडूच्या सवयी त्याच्या स्वभावाने नव्हे तर विजेच्या फीडरने ठरवल्या, असे म्हटले तरी चालेल.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०१८ मध्ये ‘पबजी’ मोबाइलवर आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरून शेवटचा उरेपर्यंत लढतात असा हा खेळ. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नावाने परतला. आता प्रथमच पट, मोहरी आणि प्रतिस्पर्धी या तिन्ही गोष्टी खेळाडूच्या स्वतःच्या खिशात आल्या. वाडा नको, मंडळ नको, तासाचे भाडे नको. कायद्याची भाषाही त्याबरोबर बदलली: १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचा खेळ जुगारातून वगळला होता, तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेदच मोडीत काढला, ई-स्पोर्ट्सना मात्र वेगळी मान्यता दिली.

मोबाइल हातात आल्यावर बैठक पूर्णपणे संपली असे मात्र नाही. एकाच कट्ट्यावर चार जण चार पडद्यांत डोके घालून एकाच संघातून खेळताना दोन्ही शहरांत दिसतात. बदल झाला तो कागदावर ओतलेल्या खाण्यात. पार्लरातल्या बटणांना आणि कॅफेतल्या कळफलकाला तिखटाचे बोट पुसून चालत असे. काचेच्या पडद्यावर तेलकट अंगठा घसरतो, नेम चुकतो आणि डाव जातो. म्हणून पार्सलचा बंद डबा डावानंतर उघडला जातो, आणि भडंग हवाच असेल तर तो आता वाटीत येतो, चमच्यासकट.