कुलूप, किल्ली आणि नाताळची खरेदी

११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या एका ग्राहकाने घरबसल्या स्टिंग या गायकाच्या गाण्यांची सीडी विकत घेतली. विकणारी संस्था होती नॅशुआ या गावातील नेटमार्केट. किंमत १२ डॉलर ४८ सेंट, टपालखर्च वेगळा. एवढ्या किरकोळ खरेदीची बातमी दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने छापली. कारण ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक इंटरनेटवरून गेला होता आणि तोही गुप्तलिपीत.

इंटरनेटवरचा संदेश अनेक संगणकांतून हात बदलत जातो. उघड्या पोस्टकार्डासारखा तो वाटेत कोणीही वाचू शकतो. संदेश सांकेतिक करण्याची कला जुनीच आहे. पण तिच्यात एक अडचण होती. कुलूप लावणारा आणि उघडणारा या दोघांपाशी एकच किल्ली असावी लागे आणि ती आधी गुपचूप पोचवावी लागे. राजदूत आणि सेनापती यांना ते जमत असे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दुकानदार आणि ग्राहकाने काय करावे?

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मार्ग सुचवला: किल्ल्या दोन ठेवा. कुलूप लावायची किल्ली जगजाहीर करा, उघडायची स्वतःपाशी ठेवा. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी अशा किल्ल्या घडवण्याची पद्धत शोधली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाते. ब्रिटिश सरकारच्या सेवेतील क्लिफर्ड कॉक्स यांना ती १९७३ मध्येच सुचली होती. पण ते गुपित १९९७ पर्यंत बाहेर आले नाही.

ही पद्धत फळ्यावर करून दाखवता येते. दुकानदाराने ३ आणि ११ या मूळ संख्या घेतल्या. त्यांचा गुणाकार ३३. दोन्हींतून एकेक वजा करून गुणले की २ × १० = २०. आता अशा दोन संख्या हव्यात, की ज्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यास बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतील, कारण ३ × ७ = २१. दुकानदार ३३ आणि ३ जाहीर करतो, ७ लपवतो. ग्राहकाला ४ हा आकडा पाठवायचा आहे. तो ४ चा घन करतो, ६४. त्याला ३३ ने भागतो आणि उरलेली बाकी ३१ पाठवतो. दुकानदार ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागतो. दर गुणाकारानंतर फक्त बाकी पुढे घेत गेल्यास आकडेमोड सोपी होते. शेवटी उरतात ४!

चोराला ७ शोधायचे तर ३३ चे अवयव पाडावे लागतील. ३३ चे कोणीही पाडील, पण शेकडो अंकी संख्येचे? १९७७ मध्ये या तिघांनी १२९ अंकी संख्या देऊन जगाला आव्हान दिले होते. बक्षीस १०० डॉलर. एप्रिल १९९४ मध्ये, म्हणजे त्या सीडीच्या खरेदीआधी चारच महिने, सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपले संगणक जोडून ते कोडे सोडवले. उपाय सोपा होता: संख्या आणखी मोठी घ्यायची.

मात्र चोर नेहमीच गणित सोडवत बसत नाही. नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये अशा कुलपाची सोय केली होती. सप्टेंबर १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी, ते उघडून दाखवले. त्यांनी कोणतेही अवयव पाडले नाहीत. किल्ली बनवताना लागणारा यादृच्छिक आकडा संगणकाच्या घड्याळातील वेळेवरून आणि अशाच दोन-तीन अंदाज करता येण्याजोग्या संख्यांवरून काढला जात होता, हे त्यांनी ओळखले. कुलूप पक्के होते, पण किल्ली तर्काने सापडत होती. कंपनीने ती चूक सुधारली.

यापेक्षा मोठा धडा २०१३ च्या सुट्ट्यांत मिळाला. नोव्हेंबर अखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून नाताळापर्यंत अमेरिकेत खरेदीची झुंबड असते. २७ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला. त्याखेरीज ७ कोटींपर्यंत ग्राहकांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक यांसारखी माहितीही गेली. चोर शिरले ते वातानुकूलनाचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड वापरून. कार्ड गल्ल्यावरच्या यंत्रात सरकवले, की क्रमांक क्षणभर यंत्राच्या स्मृतीत उघडा असे. चोरांच्या प्रोग्रॅमने तो नेमका तेथेच टिपला. ही खरेदी प्रत्यक्ष दुकानातली होती. पण इंटरनेटवरच्या खरेदीलाही तेच लागू पडते. गणित वाटेचे रक्षण करते, वाटेच्या दोन टोकांचे नाही.

ब्राउझरमधील कुलपाच्या चित्राचा अर्थही एवढाच होता, की वाट बंदिस्त आहे. पलीकडे दुकानदार आहे की भामटा, हे ते चित्र सांगत नसे. बनावट दुकानेही असे कुलूप सहज मिळवू लागली. लोकांचा गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चित्रच काढून टाकले.

आपल्या रिझर्व्ह बँकेने टोकांकडेही लक्ष दिले. १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवर कार्ड वापरताना, कार्डावर छापलेली नसलेली आणखी एक खूण देणे सक्तीचे झाले. आज मोबाइलवर येणारा ओटीपी हे तिचे परिचित रूप. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक कायमचा साठवून ठेवता येत नाही. त्याच्या जागी 'टोकन' नावाचा पर्यायी क्रमांक ठेवला जातो. त्याच्याकडे क्रमांकच नसेल तर चोर नेणार काय?

नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख यांच्या बाबतीत मात्र हा निर्णय बराचसा आपल्यालाच घ्यावा लागतो. दिवाळीच्या सवलतींच्या घाईत आपण समोर येईल तो रकाना भरत जातो. 'पार्सल अडकले आहे, ओटीपी सांगा' असा फोन करणाऱ्याला आपले नाव आणि खरेदी ठाऊक असली, की तो खरा वाटू लागतो. म्हणून ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही. फसगत झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

वर्गासाठी एक काम सुचवतो. एखाद्या दुकानाचा खरेदीचा फॉर्म मुलांसमोर ठेवावा आणि दर रकान्याला एकच प्रश्न विचारायला सांगावा: ही वस्तू माझ्या घरी पोचण्यासाठी हे कशाला लागते? पत्ता लागेल, फोन लागेल. जन्मतारीख कशाला, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.