गागोदे ते ऑर्कस, व्हाया आमची अडीच एकर

गेल्या रविवारी रोह्याहून काकांचा फोन आला. आमच्या वरकस जमिनीला गिऱ्हाईक आलंय, सगळ्यांच्या सह्या लागतील. जमीन म्हणजे डोंगरउतारावरचा अडीच एकरांचा तुकडा. गवत, थोडे साग, एक आंबा. सात-बारावर नावं अकरा, आणि त्यातल्या निम्म्यांनी ती पाहिलेलीही नाही. (मी स्वतः शेवटचा गेलो तेव्हा बारावीत होतो!) जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तेव्हापासून आमच्या ओळखीत असे फोन बरेच वाढलेत.

मी 'हो' म्हणणारच होतो. पण ऑनसाइट सिॲटलला असताना एका वीकेंडला पाहिलेलं बेट आठवलं, आणि जीभ अडखळली.

ऑर्कस नावाचं ते बेट. फेरीतून उतरलं की टर्टलबॅक नावाचा डोंगर आहे, साधारण दीड हजार एकरांचा. तो खाजगी मालकीचा होता आणि २००६ च्या सुमारास विकायला निघाला. प्लॉट पडले असते. पण तिथल्या द्वीपसमूहात १९७९ पासून काम करणारा एक भूमी-न्यास आहे. त्याने सरकारी संस्थेला आणि शेकडो देणगीदारांना बरोबर घेऊन अख्खा डोंगर विकत घेतला. पुढे लागूनच्या जमिनी जोडत गेले. काही मालक तर जमीन विकतही नाहीत. फक्त 'इथे कधीच बांधकाम होणार नाही' असा कायमचा करार लिहून देतात. पुढचा मालकही त्याला बांधील.

त्याच बेटावर १९८९ पासून दुसराही एक न्यास आहे, घरांसाठी. शहरी लोक सुट्टीसाठी घरं घेऊ लागले, भाव चढले, मग बेटावरच्या शिक्षकांनी आणि सुतारांनी राहायचं कुठे? तर जमीन कायम न्यासाची, घर तुमचं. विकताना भावाला मर्यादा. या पद्धतीचं मूळ शोधत मी परतीच्या फेरीत वाचत बसलो आणि चक्क पेण तालुक्यात येऊन पोचलो!

पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात. पण याच तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा जन्मले. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी त्यांच्याकडे ८० एकर मागितले, आणि तिथल्याच रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केले. तिथून भूदान सुरू झालं. शाळेत आपण इथेच थांबतो.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. लक्ष्य पाच कोटी एकरांचं होतं, मिळाले चाळीस लाखांहून थोडे जास्त. त्यातली कित्येक जमीन खडकाळ, वादातली किंवा इथे एक तुकडा तर तिथे एक अशी. बराचसा भाग तर कधी वाटलाच गेला नाही. म्हणजे दान मिळालं, पण ते धरून ठेवणारं कोणी नव्हतं. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मंगरोठने अख्खं गावच दिलं आणि ग्रामदानाची वाट निघाली. विनोबांनी पुढे सुलभ केलेल्या ग्रामदानात मालकी ग्रामसभेची, विसावा हिस्सा भूमिहीनांना, बाकीची जमीन ज्याची तोच कसणार, त्याची मुलंही कसणार. पण ग्रामसभेला डावलून बाहेर विकता येणार नाही. महाराष्ट्रात याचा कायदा १९६४ चा. २०१३ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने त्याखालीच आपली जमीन ग्रामदानात दिली.

ही कल्पना रॉबर्ट स्वान या अमेरिकन माणसाने उचलली. १९६९ मध्ये जॉर्जियात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी सुमारे ५,७०० एकरांचा न्यास उभा राहिला. १९८५ मध्ये कर्जापायी ती जमीन गेली. पण पद्धत टिकली, आणि वीस वर्षांत ऑर्कसला पोचली.

आता आपल्याकडे या. पेणच्या उत्तरेला, पनवेल तालुक्यात, कर्नाळा अभयारण्य आहे, १९६८ चं. दक्षिणेला मुरूड आणि रोहा तालुक्यांत फणसाड, १९८६ चं. जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं रान, म्हणून शिल्लक राहिलेलं. कागदावर दोन्ही सुरक्षित. मधे मात्र हायवे, रेल्वे, कारखाने, काही वनखात्याचं जंगल आणि आमच्यासारख्यांची अकरा-अकरा नावांची वरकस. अशीच प्लॉटिंग होत राहिली तर समुद्र न येताही या दोन्हींची बेटं होतील.

विनोबांना भूमिहीन माणसाची काळजी होती, बिबट्याची नव्हे, हे मान्य. पण सुटा तुकडा टिकत नाही, हे त्यांना चाळीस लाख एकर मिळवूनही शिकावं लागलं. आमच्या अडीच एकरांची काय कथा!

काकांचंही चुकत नाही. चुलतबहिणीचं इंजिनिअरिंग आहे, आणि गवतावर फी भरता येत नाही. पुण्यात बसून 'विकू नका' म्हणायला माझं काय जातं? म्हणून इतकंच म्हटलं, "काका, सही करण्याआधी एकदा सगळे मिळून जमिनीवर जाऊया." शेजारच्या चार खातेदारांनाही बोलवायचं ठरलंय. एकाच डोंगराचे उतार आहेत सगळे. त्यांचं ऐकू, मग बघू.

काका म्हणाले, "ये, पण बूट घालून ये. आता पायवाट राहिली नाहीये."