गुणांवरील हरकत : निर्णयाचे विवेचन

मिळालेले गुण अपेक्षेहून कमी असणे यास येथे ‘अपेक्षाभंग’ म्हटले आहे. दिलेले गुण नियमाने देय असलेल्या गुणांहून भिन्न असणे यास ‘मूल्यांकनदोष’. अपेक्षाभंगावरून मूल्यांकनदोष सिद्ध होत नाही. कारण अपेक्षा हेही परीक्षार्थीने स्मरणावरून केलेले मूल्यांकनच असून त्यातही दोष संभवतो. हरकतीचा विषय केवळ मूल्यांकनदोष होय.

हा दोष त्रिविध आहे : (१) गणनादोष, (२) निर्णयदोष, (३) उत्तरसूचीदोष.

गणनादोषाचे पुन्हा दोन भेद. बेरीज चुकल्यास गुण वाढतात किंवा घटतात. परंतु एखादे उत्तर तपासायचेच राहिल्यास गुण घटूच शकतात. म्हणून त्याच्या दुरुस्तीत हानीचा संभव नाही. निर्णयदोष मात्र उभयगामी आहे. निबंधास एक परीक्षक पाच गुण देईल, दुसरा सात, तिसरा चार. केवळ दुसरा परीक्षक मिळावा म्हणून केलेल्या अर्जातून लाभाची निश्चिती होत नाही. तो लाभ पुरावा असल्यासच संभाव्य ठरतो.

हा पुरावा उत्तरपत्रिकेतच असतो. ती पाहण्याचा मार्ग दीर्घकाळ बंद होता. महाराष्ट्र राज्य मंडळ विरुद्ध परितोष भूपेशकुमार सेठ या खटल्यात 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिकेचे अवलोकन व पुनर्मूल्यांकन नाकारणारे मंडळाचे नियम वैध ठरवले. 2011 साली आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराच्या कक्षेत आणली. आज राज्य मंडळात गुणपडताळणी, छायाप्रत व पुनर्मूल्यांकन असे तीन टप्पे आहेत आणि छायाप्रत घेतल्यावाचून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. अनेक पालकांना ही अट जाचक वाटते. वस्तुतः अपेक्षाभंगाचे परीक्षण करणारा टप्पा हाच एक आहे. गुणपडताळणी गणनादोषापुरती मर्यादित असते. निर्णयदोषाची शंका असल्यास छायाप्रतीतील प्रत्येक उत्तर विषयशिक्षकाकडून तपासून घ्यावे. कोणत्या उत्तरास किती गुण कमी पडले हे त्याला नेमके दाखवता आले नाही, तर अर्जास आधार नाही.

उत्तरसूचीदोषाचे स्वरूप निराळे आहे. नीट परीक्षेत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक वजा होतो. सूची बदलल्यास एकाच प्रश्नावर पाच गुणांचा फरक पडतो. मात्र ही दुरुस्ती सर्वांना लागू होते. 2024 मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात दोन पर्याय ग्राह्य धरले होते; दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांचा अभिप्राय घेऊन सर्वोच्च न्यायालयाने एकच पर्याय बरोबर ठरवला, तेव्हा दुसरा पर्याय निवडलेल्यांचे पाच गुण गेले, 720 चे 715 झाले. क्रमवारीच्या परीक्षेत लाभ गुणांत नसून अंतरात असतो. शिवाय येथे हरकतीची मुदत तात्पुरती सूची निघाल्यावर, म्हणजे निकालापूर्वीच, येऊन संपते. निराशा होण्याआधी हरकत घ्यावी लागते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य.

दोष सिद्ध झाला तरी त्याच्या दुरुस्तीचे प्रयोजन तपासणे शेष राहते. गुणांचे मूल्य सर्वत्र समान नसते. ते मर्यादेजवळ एकवटते. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गास बारावीच्या संबंधित विषयांत 45 टक्के आवश्यक आहेत, मात्र गुणवत्ताक्रम सीईटीवर ठरतो. त्यामुळे तेथे 44 चे 46 होणे निर्णायक, तर 62 चे 70 होणे निष्फळ. तोच विद्यार्थी जेईईद्वारे एनआयटीचा उमेदवार असल्यास सामान्यतः 75 टक्क्यांची अट लागू होते व तेथे 74 चे 75 टक्के होणेही अर्जास पुरेसे कारण ठरू शकते. शुल्काचा विचार याच्या तुलनेत गौण आहे.

कालाचा विचार गौण नाही. हरकत प्रलंबित असल्याने प्रवेशफेऱ्या थांबत नाहीत. मूळ गुणांवर मिळालेली जागा स्वीकारायची की नाही, हा निर्णय हरकतीच्या फलावर अवलंबून न ठेवता स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.