चावडी मोकळी कशी राहावी?

चावडी सर्वांना मोकळी असते. पण एकानेच दिवसभर दवंडी पिटली, तर इतरांनी बोलावे कसे? हाच प्रश्न अमेरिकेत १९९४ साली उभा राहिला.

ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९७९ साली कल्पना काढली आणि संगणकांवर ‘यूजनेट’ नावाची सार्वजनिक चर्चा सुरू झाली. विषयवार गट होते. कोणीही विचारावे, जाणत्याने सांगावे. मालक असा कोणी नाही. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातील दोन वकिलांनी ‘ग्रीन कार्ड’च्या सोडतीची एकच जाहिरात हजारो गटांत टाकली. लोक खवळले. त्यांच्या निषेधपत्रांचा असा पूर आला की, वकिलांना जोडणी देणाऱ्या कंपनीचा संगणकच वारंवार बंद पडू लागला.

असला मजकूर पुसावा हे अनेकांना पटले. पण पुसणाऱ्याने उद्या नावडते मतही पुसले तर? ‘कॅन्सलमूस’ असे टोपणनाव घेतलेल्या एका स्वयंसेवकाने वाट दाखवली. मजकूर काय आहे ते पाहायचेच नाही, तो किती वेळा टाकला एवढेच मोजायचे. आणि काय पुसले ते जाहीर करायचे. पुढे माप ठरले: ४५ दिवसांत तोच मजकूर वीस किंवा अधिक वेळा सुटासुटा टाकला, की तो रद्द करण्याजोगा. मग ती जाहिरात असो वा धर्मोपदेश!

उपद्रव यामुळे संपला नाही, हे खरे. पण दवंडीला आवर घालताना कोणाचे तोंड बांधले नाही, हे त्या मंडळींचे शहाणपण.