नाव आणि नावे

मराठी भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचा फरक आहे. पहिले बारशाच्या दिवशी, चारचौघांसमोर होते. दुसरे माणसाची पाठ फिरल्यावर होते. एकट्या व्यक्तीच्या बाबतीत हा फरक स्पष्ट असतो. परंतु एखाद्या समाजाचे, मुलखाचे किंवा पंथाचे नाव कोठून आले याचा शोध घेऊ लागले की तो पुसट होऊ लागतो. मुलाचे नाव त्याचे आईवडील ठेवतात. समाजाचे नाव मात्र बहुधा शेजारी ठेवतो, आणि शेजारी नाव ठेवतो तेव्हा तो नावेही ठेवीत असतो.

मी मूळचा वसईकडचा. सेवेच्या निमित्ताने पूर्व विदर्भाची ओळख झाली. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात कोंढा हे गाव आहे. ते एकटे क्वचितच उच्चारले जाते. शेजारच्या कोसऱ्याशी जोडून लोक ‘कोंढा-कोसरा’ असेच म्हणतात. दोन गावे, दोन शिवार, पण हाक एकच. अशी जोडनावे महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात व ती कोणाला बोचत नाहीत. त्या गावाच्या भोवतीच्या मुलखाला जे नाव आहे, त्याची कथा मात्र निराळी.

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे अरण्य. आता विचार करावा, अरण्यात राहणारा माणूस स्वतःला ‘अरण्यातला’ कशाला म्हणेल? त्याला आपले गाव, आपला तलाव, आपली धानाची बांधी ठाऊक असते. ‘झाडी’ हे नाव काळ्या, मोकळ्या, कापसाच्या मुलखातून पूर्वेकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी ठेवलेले आहे. तेथील कुणबी तो झाडे कुणबी. ‘झाडे’ या शब्दात पुष्कळदा ‘रानातला, मागासलेला’ अशी छटा मिसळलेली असे. भाषेलाही तोच न्याय लागला. पुढे मात्र चमत्कार घडला. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचा ध्यास घेतला, तिची संमेलने भरू लागली, आणि दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर चालणारी नाटके ‘झाडीपट्टी रंगभूमी’ या नावाने दूरवर गाजू लागली. ज्या शब्दाने हिणवले जाई, तोच शब्द फलकावर अभिमानाने झळकला. शब्द बदलला नाही. तो उच्चारणारे तोंड बदलले.

याच प्रदेशात वस्तूंच्या सामूहिक नावाचे एक मोठे मनोरंजक उदाहरण सापडते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगाव बांधचा प्रचंड जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. (१९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून नवेगाव बांध त्या जिल्ह्यात मोडते.) दोन टेकड्यांमधील नेमकी जागा हेरून पाळ घालायची, पाण्याचा उतार नजरेने मोजायचा, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात सोडायचा, ही विद्या त्यांच्याकडे पिढीजात होती. मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या मालकीचे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि कचेरीच्या कागदांवर ते ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून नोंदले गेले. कारकुनाने त्याचा ‘मा.मा. तलाव’ असा संक्षेप केला. लोकांनी मधली टिंबे गाळली. आज सरकारी अधिकारी, वर्तमानपत्रे आणि शेतकरी सारेच ‘मामा तलाव’ म्हणतात, आणि परक्या माणसाला वाटते की हे तलाव कोणाच्या तरी आईच्या भावाने खोदले असावेत! हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. ज्याच्या बुद्धीने व घामाने तलाव झाला तो कोहळी त्या नावात कोठेही नाही. ज्याच्या नावावर सात-बारा होता तो मालगुजार आहे, आणि ज्याच्या हातात टाक होता तो कारकून आहे.

बोलण्यातले नाव लवचिक असते. ते वितळते, उलटते, हसण्यावारी जाते. नाव एकदा लिहिणाऱ्याच्या हाती गेले की ते गोठते. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

बोलण्यातील नावांची दोन उदाहरणे पाहा. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४० नंतरच्या दशकात बंगालवर चालून गेल्या. मराठी लष्करात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, व सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. बारगीर हा निव्वळ चाकरीचा दर्जा. बंगाली रयतेने त्या शब्दाचे ‘बर्गी’ केले आणि सरसकट साऱ्या मराठी स्वारांना ते लावले. १७५१ साली अलिवर्दीखानाशी तह होऊन स्वाऱ्या थांबल्या. परंतु बर्गी हे नाव अंगाईगीतात जाऊन बसले, आणि बंगाली माता त्या नावाचे भय घालून मुलांना झोपवू लागल्या. आपल्याकडे जो पगाराच्या हिशेबातला शब्द, तो दुसऱ्याच्या पाळण्यापाशी राक्षस होतो. दुसरे उदाहरण कुलाब्याकडील बेने इस्राएल यांचे. हे ज्यू लोक कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी, शब्बाथ म्हणून, घाणा बंद ठेवीत. शेजाऱ्यांना त्यांचा धर्म कळत नव्हता, पण बंद घाणा दिसत होता. म्हणून ते ‘शनिवार तेली’ झाले. या नावात तुच्छता नाही, आणि ते अज्ञानातून आलेले असूनही खोटे नाही. त्या समाजाने प्राणापलीकडे जपलेली गोष्ट, म्हणजे शब्बाथाची विश्रांती, शेजाऱ्याने नकळत त्यांच्या नावातच कोरून ठेवली.

आपले स्वतःचे नावही असेच शेजाऱ्याने ठेवलेले आहे, याचा आपल्याला पुष्कळदा विसर पडतो. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम अंत्युखियात मिळाले, असे संत लूक प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात नमूद करतो. मिळाले, त्यांनी घेतले नाही. ते स्वतःस शिष्य, बंधू, ‘मार्गा’चे लोक म्हणवीत. अमक्याच्या गोटातले, तमक्याचे अनुयायी, अशा अर्थाचा लॅटिन प्रत्यय लावून शहरातील लोकांनी हा शब्द घडवला. हेरोदाचे ते जसे हेरोदी, तसे ख्रिस्ताचे ते ख्रिस्ती. नव्या करारात हा शब्द अवघा तीन वेळा येतो, आणि त्यांतील एकदा तो अग्रिप्पा राजाच्या तोंडी आहे.

आमच्या उत्तर कोकणातील कॅथलिकांना तर नावांची ददात कधीच नव्हती. पोर्तुगीज ‘क्रिश्तांव’ या शब्दावरून किरिस्तांव झाले. पोर्तुगिजांच्या राज्यात वसईपासूनचा मुलूख गोव्याच्या उत्तरेस, म्हणून येथले ते नॉर्तेरो. वाडीत राहून बागाईत करणारे ते वाडवळ. सामवेदी कॅथलिकांना कुपारी म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कॉम्पाद्रे’पासून आला असे मानले जाते, म्हणजे ज्याच्या लेकराचा मी बाप्तिस्म्यातला धर्मपिता, तो माझा कुपारी. बाप्तिस्म्याच्या नात्यावरून सबंध समाजाला नाव पडावे, याहून गोड गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

या साऱ्यांहून वेगळे एक नाव आहे, आणि ते शेजाऱ्याने ठेवलेले नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. मुंबई त्याआधीच, १६६१ च्या विवाहकरारान्वये, इंग्रजांकडे जायची ठरली होती. तरीही मुंबई-साष्टीचे कॅथलिक लोक ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणूनच ओळखले जात राहिले. एकोणिसाव्या शतकात आगबोटीने गोव्याची माणसे नोकरीधंद्यासाठी मुंबईत येऊ लागली. तीही पोर्तुगीजच, आणि ती तर खरोखरच पोर्तुगालची प्रजा. सरकारी कचेरीत, रेल्वेत, गोदीत अर्ज करणाऱ्या साष्टीच्या तरुणापुढे प्रश्न उभा राहिला: मी पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी अमलाखालचा, माझी बोली मराठी, माझी शेती येथली; मग मी पोर्तुगीज कसा? २६ मे १८८७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाले आणि समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीचे जुने नाते या नावाने मिरवले, असे सामान्यपणे सांगितले जाते.

या नावाचे विधिलिखित विचित्र आहे. कंपनीचे राज्य १८५८ साली संपले होते, आणि १८७४ साली कंपनीच विसर्जित झाली होती. म्हणजे नाव घेतले ते मेलेल्या धन्याचे. शिवाय ते कोरेही नव्हते. कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांनी १८३० साली पार्लमेंटकडे जो अर्ज पाठवला, त्यात ते स्वतःस ईस्ट इंडियनच म्हणत होते. आणि वेस्ट इंडीजमधील त्रिनिदादात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या बिहारी व भोजपुरी मजुरांच्या वंशजांनाही ईस्ट इंडियन म्हणतात, कारण कोलंबसाच्या चुकीमुळे तिकडे ‘इंडियन’ हे नाव आधीच दुसऱ्यांना देऊन झाले होते. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील, घरात मराठी बोलणाऱ्या, लुगडे नेसणाऱ्या माणसांना ‘पूर्व’ हे विशेषण लागले! आमच्या वसईत हे नाव मुंबई-साष्टीइतके रुजले नाही, आणि त्याचे मला दुःख नाही. परंतु त्या पिढीला हसणे योग्य नव्हे. अर्जावर एक रकाना होता. त्यात काहीतरी लिहावे लागणार होते. आणि चुकीचे लिहिले तर पोटावर पाय येणार होता. मुंबईची मूळ गावठाणे पुढे शहराने गिळत आणली, तेव्हा याच नावाखाली लोक एकत्र येऊन बोलू शकले.

रकान्यात काय लिहिले आहे यावर पोट अवलंबून असणे ही गोष्ट इंग्रजांबरोबर गेली नाही. पुन्हा झाडीपट्टीकडे वळू या. पवनीच्या परिसरात मागावर बसणारे कोष्टी आहेत. कोष्टी हे धंद्याचे नाव, हलबा हे जमातीचे. हलबा-कोष्टी म्हणजे हलबाच काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ नोव्हेंबर २००० रोजी निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. त्याहून जीवघेणी कथा गोवारींची आहे.

गोवारी म्हणजे गावची गुरे राखणारा. सकाळी आखरावर गुरे जमवायची, दिवसभर चारायची, सांजेला परत आणायची, मोबदल्यात धान्य घ्यायचे. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी ढाल नाचवण्याचा मान त्यांचा. त्या एका दिवशी सारे गाव त्यांच्याकडे पाहते. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात त्यांचे तीन भेद सांगितले आहेत: गाय गोवारी, इंगा, आणि मारिया किंवा गोंड गोवारी. एका इंग्रज अधिकाऱ्याने व त्याच्या विद्वान सहकाऱ्याने केलेली ही वर्गवारी. १९५६ साली अनुसूचित जमातींच्या सुधारित यादीत, गोंड या मुख्य नावाखालच्या अनेक उपनावांमध्ये, ‘गोंड गोवारी’ हे दोन शब्द आले. नुसते ‘गोवारी’ आले नाही.

गोवारींचे म्हणणे असे, की गोंड गोवारी म्हणून निराळे कोणी नाहीतच, ते आम्हीच. ते मांडण्यासाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशनाच्या वेळी, हजारो गोवारी नागपुरात विधानभवनावर मोर्चा घेऊन आले. मॉरिस कॉलेजजवळ मोर्चा अडवण्यात आला. लाठीमार व चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले. जी माणसे हयातभर गुरांच्या कळपाला वळण लावीत आली, त्यांनाच एखाद्या कळपासारखे तुडवले जाऊन मरण यावे, हे आठवले की आजही लेखणी अडखळते.

१९९५ साली राज्याने त्यांना विशेष मागास प्रवर्गात घेतले. त्यांची मागणी ती नव्हती. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांचे म्हणणे मान्य केले: गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली होती, तेव्हा यादीतील नाव गोवारींचेच समजले पाहिजे. सव्वादोन वर्षे त्यांच्या मुलांना त्या नावाचे दाखले मिळाले. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. यादीतील शब्द जसा आहे तसाच वाचावा लागेल. अमुक नाव म्हणजे तमुक नाव, असे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या कायम ठेवल्या. कायद्याच्या दृष्टीने निकाल सुसंगत असेल. ज्यांची नावे यादीत निर्विवाद आहेत त्या आदिवासींचाही त्यात वाटा आहे, हे विसरून चालणार नाही. पण ज्या दोन शब्दांवर हे सारे अडले, त्यांचा अर्थ गुरे राखणाऱ्यांना कोणी कधी विचारला होता?

नागपुरात सीताबर्डीला, मोर्चा अडवला गेला त्या जागेपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, मृतांच्या स्मरणार्थ नाव दिलेला उड्डाणपूल आहे. त्याचे नाव ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’ असे आहे.