डिलँड मॅक्कलो : गुरूच्या वाटेवरचा प्रशिक्षक

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाचे नाव घरोघरी पोहोचते. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या साहाय्यक प्रशिक्षकांची नावे मात्र जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारशी जात नाहीत. डिलँड मॅक्कलो हे अशा साहाय्यकांपैकी एक. इंडियाना, सदर्न कॅलिफोर्निया आणि नोटर डेम या विद्यापीठांत त्यांनी ‘रनिंग बॅक’ या जागेवरील खेळाडू घडविले आणि मधल्या काळात कॅन्सस सिटी चीफ्स या व्यावसायिक संघाबरोबर सुपर बोल हे सर्वोच्च विजेतेपदही मिळविले. या कारकिर्दीला एका विलक्षण घटनेची जोड आहे. शालेय वयापासून ज्यांना ते गुरू मानत आले, ते प्रशिक्षक शर्मन स्मिथ हेच आपले जन्मदाते वडील आहेत, हे मॅक्कलो यांना २०१७ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर कळले. त्या वेळी ते स्वतः स्मिथ यांच्याच पदावर, म्हणजे रनिंग बॅकचे प्रशिक्षक म्हणून काम करीत होते.

खेळ आणि पद

अमेरिकी फुटबॉल हा पायाने चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळत अथवा फेकून तो प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत पुढे नेणे, हे त्याचे मुख्य सूत्र. चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारली तर चेंडू आपल्याकडे राहतो. नाही तर तो प्रतिपक्षाकडे जातो. क्वार्टरबॅक हा चालीचा सूत्रधार. तो चेंडू सोपवतो आणि तो पोटाशी घट्ट धरून बचावफळीच्या गर्दीतून वाट काढतो, तो रनिंग बॅक. शिवाय फेकलेला चेंडू झेलणे आणि क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्या धिप्पाड खेळाडूंना अडविणे, ही कामेही त्यालाच करावी लागतात. सर्वाधिक धडका सोसणारी ही जागा असल्याने व्यावसायिक पातळीवर तिची कारकीर्द बहुधा अल्पायुषी ठरते.

क्रिकेटमध्ये फलंदाजी आणि गोलंदाजी यांचे प्रशिक्षक वेगळे असतात, तशी या खेळात प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र प्रशिक्षकाची व्यवस्था असते. रनिंग बॅकचा प्रशिक्षक चेंडू न निसटू देण्याची पकड, पावलांची लय, सहकाऱ्यांनी उघडलेली फट ओळखण्याची नजर आणि समोरच्या हल्ल्याचा अंदाज शिकवितो. महाविद्यालयीन खेळात त्याच्यावर आणखी एक जबाबदारी असते, ती म्हणजे खेळाडूंची भरती. शाळकरी मुलांचा खेळ पाहणे, त्यांच्या घरी जाणे, आईवडिलांसमोर बसून शिष्यवृत्तीचा प्रस्ताव मांडणे आणि ‘तुमच्या मुलाची काळजी आम्ही घेऊ’ असा विश्वास देणे, हा त्याच्या कामाचा मोठा भाग होय. मॅक्कलो यांच्या आयुष्याची गाठ अशाच एका भेटीत पडली.

बालपण

मॅक्कलो यांचा जन्म १ डिसेंबर १९७२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे झाला. आई ओहायोतील यंग्जटाउनची, जेमतेम सोळा वर्षांची आणि अविवाहित होती. तिने बाळ दत्तक देण्याचा निर्णय घेतला. बाळाच्या वडिलांना मात्र काहीच कळविले नाही. योगायोग असा की, ज्या दांपत्याने बाळाला दत्तक घेतले तेही यंग्जटाउनचेच होते. पुढे ते दांपत्य विभक्त झाले आणि डिलँडला वाढविण्याचा भार दत्तक आईने उचलला. घरात पुरुषाचा स्थिर आधार असा राहिला नाही.

यंग्जटाउन हे पोलादाचे शहर. १९ सप्टेंबर १९७७ रोजी तेथील मोठ्या पोलाद कंपनीने लगतच्या कॅम्बेल येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि सुमारे पाच हजार कामगारांच्या रोजगारावर कुऱ्हाड कोसळली. हा दिवस त्या परिसरात ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखला जातो. डिलँड याच पडझडीच्या काळात लहानाचे मोठे झाले. कॅम्बेल मेमोरियल हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांचा खेळ नजरेत भरला आणि विद्यापीठांचे प्रशिक्षक दाराशी येऊ लागले. त्यांत ओहायोतील मिआमी विद्यापीठाचे शर्मन स्मिथ हेही होते.

स्मिथ हे त्या मुलाच्या दृष्टीने आदर्शच होते. तेही यंग्जटाउनचे. मिआमी विद्यापीठाचे क्वार्टरबॅक म्हणून ते गाजले. १९७६ साली सिअ‍ॅटल सीहॉक्स या नव्या व्यावसायिक संघाने त्यांना दुसऱ्या फेरीत निवडले आणि तेथे ते रनिंग बॅक म्हणून खेळले. त्यांचा शांत, धार्मिक स्वभाव आणि शिक्षणाविषयीची आस्था यांची छाप मायलेकांवर पडली. डिलँड यांनी मिआमीची निवड केली.

खेळाडू आणि मुख्याध्यापक

स्मिथ लवकरच इलिनॉय विद्यापीठात गेले. पुढे १९९५ पासून ह्यूस्टन ऑइलर्स, म्हणजेच नंतरच्या टेनेसी टायटन्स, या व्यावसायिक संघात त्यांनी दीर्घकाळ रनिंग बॅक घडविले. शिष्याशी असलेला संपर्क मात्र त्यांनी सुटू दिला नाही. मॅक्कलो यांनी १९९२ ते १९९५ या चार हंगामांत मिआमीसाठी ४,३६८ यार्ड धाव घेतली. विद्यापीठाचा तो त्या वेळचा विक्रम होता.

१९९६ साली सिनसिनाटी बेंगल्सने त्यांना करारबद्ध केले. परंतु गुडघ्याच्या दुखापतीने घात केला. कॅनडातील विनिपेग ब्लू बॉम्बर्सकडून खेळण्याचा प्रयत्नही फार काळ टिकला नाही. त्यानंतर ते सिनसिनाटीत शिक्षक झाले आणि पुढे एका शाळेचे मुख्याध्यापक. अडचणीतील मुलांशी रोजचा संबंध आलेली ही वर्षे त्यांच्या पुढील कामाची पूर्वतयारीच ठरली.

प्रशिक्षणाकडे

२०१० साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मॅक्कलो यांनी मुख्याध्यापकपद सोडून आपल्याच मिआमी विद्यापीठात प्रशिक्षकवर्गातील सर्वांत खालची उमेदवारी पत्करली. त्या हंगामात मिआमीने आपल्या गटाचे विजेतेपद मिळविले आणि २०११ साली इंडियाना विद्यापीठाने त्यांना रनिंग बॅकचे प्रशिक्षकपद दिले.

इंडियाना हे बास्केटबॉलचे माहेरघर. फुटबॉलमध्ये त्या काळी त्याची गणना दुबळ्या संघांत होई. तेथे २०१४ साली टेव्हिन कोलमन याने २,०३६ यार्डांचा विद्यापीठीय विक्रम केला. त्याच वर्षअखेरीस अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेने आपला फुटबॉल संघ बंद केल्याने जॉर्डन हॉवर्ड हा खेळाडू उघड्यावर पडला. तो इंडियानात आला, २०१५ मध्ये हजाराचा टप्पा ओलांडला आणि २०१६ साली शिकागो बेअर्सकडून पदार्पणाच्याच हंगामात १,३१३ यार्डांसह व्यावसायिक लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर राहिला. २०१७ मध्ये मॅक्कलो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. तेथे रोनाल्ड जोन्स याने त्या वर्षी १,५५० यार्ड धाव घेतली.

उलगडा

स्वतः चार मुलांचे वडील झाल्यावर मॅक्कलो यांना आपल्या मुळांचा शोध घेण्याची निकड वाटू लागली. डॉक्टरांनी कुटुंबातील आजारांविषयी विचारले तर सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. दत्तक गेलेल्यांची मूळ जन्मनोंद मोहोरबंद ठेवण्याचा नियम आड येत होता. पेनसिल्व्हेनियाने कायदा बदलला आणि नोव्हेंबर २०१७ पासून प्रौढ दत्तकांना ही नोंद मिळण्याची सोय झाली. त्या कागदावर आईचे नाव होते. वडिलांचा रकाना मात्र कोरा होता. आईचा शोध लागला, दूरध्वनीवर बोलणे झाले आणि वडील कोण, या प्रश्नावर तिने नाव सांगितले : शर्मन स्मिथ.

स्मिथ यांना हे सारे अनपेक्षित होते. आपल्याला असा मुलगा आहे, याची त्यांना पंचेचाळीस वर्षे कल्पना नव्हती. डीएनए चाचणीने नात्यावर शिक्कामोर्तब झाले आणि त्यांनी मुलाचा मनापासून स्वीकार केला. दोघांची चालण्याची ढब, आवाज आणि चेहरेपट्टी सारखी असल्याचे सहकारी गमतीने म्हणत. त्या गमतीचा अर्थ आता उलगडला. ज्या घरी स्मिथ एका परक्या मुलाची जबाबदारी घेण्याचा शब्द देऊन आले होते, ते त्यांच्याच मुलाचे घर होते.

शिखर आणि पुढील वाटचाल

२०१८ ते २०२० या काळात मॅक्कलो कॅन्सस सिटी चीफ्समध्ये होते. २ फेब्रुवारी २०२० रोजीच्या सुपर बोलमध्ये चीफ्सने सॅन फ्रान्सिस्कोला ३१–२० असे नमविले. व्यावसायिक निवडप्रक्रियेत कोणीही न निवडलेल्या डेमियन विल्यम्स याने त्या सामन्यात १०४ यार्ड धाव घेतली आणि दोन टचडाउन केले. बरोबर सहा वर्षांपूर्वी, २ फेब्रुवारी २०१४ रोजी, सिअ‍ॅटलने हेच विजेतेपद मिळविले तेव्हा त्या संघाच्या रनिंग बॅकचे प्रशिक्षक शर्मन स्मिथ होते. पितापुत्रांनी एकाच पदावरून हा मान मिळविला.

२०२१ साली मॅक्कलो इंडियानात सहयोगी मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले आणि २०२२ मध्ये नोटर डेमला गेले. तेथे २०२३ मध्ये ऑड्रिक एस्टिमे याने धावून १८ टचडाउन करीत विद्यापीठाचा विक्रम मोडला. २० डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय विजेतेपदाच्या पहिल्या फेरीत जेरेमाया लव्ह याने ९८ यार्डांची धाव घेतली. क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तरी हे अंतर पुरे होत नाही. समोर होता मॅक्कलो यांचा जुना इंडियाना संघ. नोटर डेमने अंतिम फेरी गाठली. २० जानेवारी २०२५ रोजी मात्र ओहायो स्टेटने त्यांना ३४–२३ असे हरविले. त्याच वर्षी मॅक्कलो यांनी व्यावसायिक लीगमधील लास व्हेगास रेडर्सचे प्रशिक्षकपद स्वीकारले. २०२५ च्या हंगामात त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल होते; सिअ‍ॅटलमध्ये स्मिथ यांनी त्यांच्याच हाताखाली काम केले होते.

मूल्यमापन

रनिंग बॅकच्या प्रशिक्षकपदावर कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे आहे. पण मुख्य प्रशिक्षकपदाची वाट बहुधा क्वार्टरबॅकच्या प्रशिक्षणातून अथवा संपूर्ण आक्रमण किंवा बचाव यांच्या सूत्रसंचालनातून जाते. त्यामुळे अनेक गुणी प्रशिक्षक याच पदावर अडकून पडतात, ही टीका जुनी आहे. हे पद दुय्यम लेखणाऱ्या व्यवस्थेला मॅक्कलो यांची कारकीर्द विचार करायला लावते.

त्यांच्या कहाणीत रक्ताच्या नात्याचा चमत्कार पाहण्याचा मोह होतो. परंतु ते नाते उघड होण्यापूर्वीच मॅक्कलो घडले होते. त्यांना वाढविले दत्तक आईने. वाट दाखविली ती एका प्रशिक्षकाने, आणि तीही हा आपला मुलगा आहे हे ठाऊक नसताना. जन्मनोंदीने त्यांना वडिलांचे नाव मिळवून दिले. वडिलांचे काम मात्र स्मिथ त्याआधी पाव शतकाहून अधिक काळ करीत आले होते.