अमोनियाचे संश्लेषण : वेग व समतोल

नायट्रोजनचा एक व हायड्रोजनचे तीन रेणू यांपासून अमोनियाचे दोन रेणू बनण्याची विक्रिया व्युत्क्रमी, म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारी असून, पुढील व मागील विक्रियांचे वेग सारखे झाले की घटकांची प्रमाणे स्थिर राहतात. या अवस्थेस रासायनिक समतोल म्हणतात. विक्रिया तेव्हाही थांबलेली नसते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानातून अनेकदा निसटते. विक्रिया ऊष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी असल्याने कमी तापमानाला समतोल अमोनियाच्या बाजूस झुकतो. परंतु नायट्रोजनच्या दोन अणूंमधील त्रिबंध अतिशय बळकट असल्यामुळे त्या तापमानाला विक्रियेचा वेग जवळजवळ शून्य असतो. समतोल आणि वेग यांच्या मागण्या परस्परविरोधी असण्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. फ्रिट्स हाबर यांनी 1909 मध्ये उच्च दाब व उत्प्रेरक यांच्या साहाय्याने ही कोंडी फोडली आणि कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांतून 1913 मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. लोहाधारित उत्प्रेरक सक्रियण ऊर्जा, म्हणजे विक्रियेसाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर, कमी करून दोन्ही दिशांचे वेग सारख्याच पटीने वाढवतो. समतोलाचे स्थान मात्र तो बदलत नाही.